क्रायसिस (२००७) नव्या संगणकावर पुन्हा खेळताना दर वेळी होणारा क्रॅश : कारण कसं ओळखायचं आणि काय करायचं

लक्षण आधी सांगतो, म्हणजे तुमचा त्रास हाच आहे का ते लगेच कळेल. क्रायसिस सुरू करता. काळी स्क्रीन येते आणि दोन सेकंदांत परत डेस्कटॉप. किंवा खेळ नीट सुरू होतो, पाऊण तास छान चालतो, तुम्ही मरता, सेव्ह लोड करता आणि लोडिंगची पट्टी अर्ध्यावर असताना सगळं बंद होतं. किंवा बंद काहीच होत नाही, पण शेवटून दुसऱ्या मिशनमध्ये विमान हवेत उठताक्षणी फ्रेमरेट (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) कोसळतो. तोही अशा संगणकावर, जिथे आजचे खेळ लोण्यासारखे चालतात.

या तिन्ही गोष्टी माझ्या वाट्याला आल्या आहेत, एकेक करून, वेगवेगळ्या वर्षी. हा खेळ मी दर एक-दोन वर्षांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळतो. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये तो आला, तेव्हा माझ्याकडे तो चालवण्यासारखं कार्डच नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात लॅमिंग्टन रोडवरून ८८०० जीटी आणलं आणि पहिल्यांदा ते बेट नीट पाहिलं. रात्रीची उडी, पॅराशूट निकामी होऊन समुद्रात पडणं, काळोखात किनाऱ्याला लागणं, आणि मग कड्यापाशी पोचेपर्यंत उजाडतं. पानांमधून आलेलं ऊन हातावर पडलेलं दिसतं. ती सकाळ मी किती वेळा पाहिली ते मोजलेलं नाही, पण अजून कंटाळा आलेला नाही. म्हणूनच संगणक बदलला की मी पहिल्यांदा हाच खेळ टाकतो, आणि म्हणूनच दर वेळी नवीन अडचणीशी गाठ पडते.

सगळ्यात आधी एक सांगणं आहे : ग्राफिक्स कार्डाच्या मागे लागू नका. या खेळाची ख्यातीच अशी आहे की काहीही बिघडलं की माणूस कार्डाकडे बोट दाखवतो. ड्रायव्हर काढतो, पुन्हा टाकतो, सेटिंग्ज खाली आणतो. २००७ मध्ये ते बरोबरच होतं. आज तुमच्याकडे असलेलं कुठलंही साधं गेमिंग कार्ड या खेळाला पुरून उरतं. आता जे मोडतं ते प्रोसेसर आणि मेमरीच्या बाजूला. खेळ लिहिताना प्रोसेसर कसा असेल, मेमरी किती असेल आणि पुढे वेग कसा वाढेल, याबद्दल काही गोष्टी गृहीत धरलेल्या होत्या. त्यातली कुठली तुमच्या संगणकावर खोटी ठरते आहे, तेवढं शोधायचं आहे.

शोधायला एकच जागा पुरेशी आहे. क्रॅश झाल्यावर लगेच विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडा. विंडोज लॉग्ज, त्यात ॲप्लिकेशन, आणि तिथे वरच्या बाजूला लाल खुणेची 'ॲप्लिकेशन एरर' अशी नोंद असेल. तिच्यावर टिचकी मारली की खाली मजकूर दिसतो. त्यातल्या दोन ओळी कागदावर उतरवून घ्या : कुठल्या मॉड्यूलमध्ये चूक झाली, आणि एक्सेप्शन कोड काय. कोडाचा शेवट '१डी' असा असेल (म्हणजे पूर्ण कोड ०एक्ससी०००००१डी), तर प्रोसेसरला अशी सूचना मिळाली जी त्याला माहीतच नाही. कोडाचा शेवट '०५' असेल (०एक्ससी००००००५), तर प्रोग्रामने अशा मेमरीला हात लावला जी त्याची नव्हती किंवा जी त्याला मिळालीच नाही. या दोन आकड्यांवरून वाटा वेगळ्या होतात, म्हणून हे पाहिल्याशिवाय काहीही बदलू नका. मी स्वतः एकदा हे न पाहता दोन दिवस विंडोज नव्याने टाकण्यात घालवले होते.

पहिली वाट, '१डी'. हा कोड तुम्हाला जवळपास नक्कीच एएमडीच्या प्रोसेसरवर दिसेल, आणि तोही ६४ बिटचा क्रायसिस चालवताना (खेळाच्या ३२ आणि ६४ बिट अशा दोन आवृत्त्या आहेत). कारण फार जुनं आहे. १९९८ मध्ये एएमडीने के६-२ या प्रोसेसरसोबत '३डीनाऊ' नावाचा सूचनांचा एक संच आणला. दशांशाची गणितं एकदम दोन-दोन उरकण्यासाठी तो होता, आणि त्या काळातल्या खेळांना त्याचा चांगला उपयोग झाला. इंटेलने तो कधीच घेतला नाही. त्यांचा एसएसई हा संच वेगळा होता आणि पुढे तोच सगळीकडे रुळला. २०१० मध्ये एएमडीने जाहीर केलं की पुढच्या प्रोसेसरांमध्ये ३डीनाऊ नसेल, आणि २०११ च्या बुलडोझरपासून तो गेला. रायझनमध्येही तो नाही.

क्रायसिसच्या ६४ बिटच्या प्रोग्रामात मात्र अजून अशी वाट आहे की प्रोसेसर एएमडीचा दिसला की ३डीनाऊच्या सूचना वापरायच्या. त्या सूचना खरोखर उपलब्ध आहेत का, हे तो विचारत नाही. २००७ मध्ये विचारायची गरजही नव्हती, कारण तेव्हाच्या प्रत्येक एएमडीत त्या होत्याच. आज रायझनसमोर ती सूचना येते, प्रोसेसर हात वर करतो आणि विंडोज प्रोग्राम बंद करतं. इंटेलच्या संगणकावर हीच प्रत या कारणाने पडत नाही, आणि त्यामुळे मित्राकडे चालतो तर माझ्याकडे का नाही, असा घोळ होतो.

यावरचा उपाय खेळाच्या चाहत्यांपैकीच एकाने केला आहे. 'सी१ लाँचर' या नावाचा मुक्तस्रोत प्रोग्राम गिटहबवर मोफत मिळतो. तो खेळाच्या मूळ क्रायसिस डॉट एक्सई या फाइलीच्या जागी बसतो, खेळाच्या डीएलएल (प्रोग्रामचे भाग असलेल्या फाइली) मेमरीत चढवतो आणि चालू करण्याआधी त्यातले हे नडणारे तुकडे दुरुस्त करतो. डिस्कवरच्या डीएलएलना तो हात लावत नाही. मला तो आवडतो तो याचसाठी. नको झाला तर जुनी एक्सई परत ठेवली की खेळ होता तसा.

टाकायची पद्धत सोपी आहे, पण घाई केली तर चुकते. खेळाच्या फोल्डरात बिन३२ आणि बिन६४ असे दोन उपफोल्डर असतात. आधी बिन६४ मधल्या क्रायसिस डॉट एक्सईवर उजवी टिचकी, प्रॉपर्टीज, डिटेल्स असं जाऊन आवृत्ती पाहा. १.१.१.६१५६ दिसली तर तुम्ही शेवटच्या पॅचवर (दुरुस्तीच्या अपडेटवर), म्हणजे १.२.१ वर आहात. नसाल तर आधी पॅच लावा. मग मूळ एक्सईचं नाव बदलून तिथेच ठेवा आणि लाँचरच्या बिन६४ मधली फाइल त्या जागी टाका. ३२ बिटची फाइल ६४ च्या फोल्डरात गेली तर काहीच सुरू होणार नाही, आणि ही चूक वाटते त्यापेक्षा जास्त वेळा होते. अँटिव्हायरस कधी कधी तक्रार करतो, कारण दुसऱ्या प्रोग्रामची मेमरी बदलणारं काहीही त्याला संशयास्पद वाटतं. प्रोजेक्टच्या स्वतःच्या पानावरून उतरवली असेल तरच अपवाद द्या. कुणी पेनड्राइव्हवर दिली असेल तर देऊ नका.

दुसरी वाट, '०५', सेव्ह लोड करताना होणारा क्रॅश. हा जास्त चिवट, कारण तो दर वेळी होत नाही.

तुमच्याकडे बहुधा ३२ बिटचा क्रायसिस चालतो आहे. माझ्या डिजिटल प्रतीत बिन६४ फोल्डरच नव्हता. कुठल्या दुकानातून घेतली त्यावर हे अवलंबून असतं. ३२ बिटच्या प्रोग्रामला तुमच्या संगणकात ३२ जीबी रॅम असली तरी तिचा उपयोग नसतो. त्याला पत्ते लिहायला ३२ बिट, म्हणजे फार तर ४ जीबीपर्यंतचे पत्ते, आणि विंडोज नेहमीच्या रिवाजाने त्यातले २ जीबीच त्याच्या हातात देतं. २००७ मध्ये शिफारस केलेल्या संगणकाची एकूण रॅम २ जीबी होती, त्यामुळे ही मर्यादा कुणाला बोचली नाही.

पण रॅम संपणं हा या क्रॅशचा अर्धाच भाग आहे. एसटीत पाच जागा रिकाम्या असतात, पण पाच वेगवेगळ्या बाकांवर. आई-वडील आणि तीन मुलं, एकत्र बसायचं म्हणाली तर जागा असूनही नाही. मेमरीचं तेच होतं. प्रत्येक लोडच्या वेळी खेळ जुने तुकडे सोडतो आणि नवे मागतो, आणि तासाभरात रिकामी जागा अशी विखुरली जाते की एका मोठ्या टेक्स्चरला (वस्तूंवर चढवलेल्या चित्राला) सलग जागा मिळत नाही. म्हणून सुरुवातीला सगळं ठीक असतं आणि सातव्या-आठव्या लोडला पडतं. रणगाड्यांचं मिशन, ऑनस्लॉट, माझ्याकडे इथे हमखास पडायचं, कारण तिथे माणूस पटापट मरतो आणि पटापट लोड करतो. पाठोपाठ अवेकनिंग. चाहत्यांनी केलेली मोठी टेक्स्चर घातली असतील तर आणखी लवकर.

खरा उपाय एकच : ६४ बिटचा प्रोग्राम वापरणं. तिथे पत्त्यांची टंचाई नाही. गंमत अशी की तिथे उलटी अडचण होती. खेळातल्या काही खालच्या पातळीवरच्या कोडने असं धरलं होतं की पत्ता ४ जीबीच्या आतच असणार. भरपूर रॅमच्या नव्या विंडोजमध्ये तसं असेलच असं नाही. सी१ लाँचर हेही सांभाळतो. म्हणजे इंटेलवाल्यांनीही तो घालावा. ३डीनाऊचा त्रास त्यांना नसला तरी.

बिन६४ नसेल तर काय, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. मूळ डीव्हीडीवर ६४ बिटच्या फाइली होत्या. तुमच्याकडे किंवा ओळखीत डबा पडून असेल तर त्यातून टाका आणि मग पॅच १.२.१ लावा. डीव्हीडीवरून टाकलेला खेळ विंडोज १० किंवा ११ वर मूळ एक्सईने सुरू झाला नाही तर घाबरू नका, लाँचर तिच्या जागी बसतोच. त्यावर सिक्युरॉम नावाचं जुनं कुलूप आहे, आणि विंडोज १० पासून अशा जुन्या कुलपांपैकी काहींचा आधार काढून घेतलेला आहे. 'एकाच फाइलीत सगळ्या डीएलएल' असं सांगणाऱ्या अनोळखी पानांवरून मात्र काही उतरवू नका. डबा नसेल तर ३२ बिटवरच राहा, पण सवयी बदला. दर मिशन संपलं की खेळ पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. त्याने मेमरी कोरी होते. टेक्स्चर एक पायरी खाली आणा. आणि लोड करण्याआधी मुख्य मेनूत गेलात तरी मेमरी कोरी होते असं समजू नका, होत नाही. मी या पद्धतीने ३२ बिटवर पूर्ण कॅम्पेन एकही क्रॅश न होता संपवलं आहे. फक्त शिस्त लागते.

सेव्हबद्दल थोडं. खेळ सेव्ह ठेवतो ते डॉक्युमेंट्समधल्या 'माय गेम्स' या फोल्डरात. नव्या विंडोजमध्ये डॉक्युमेंट्स बऱ्याचदा वनड्राइव्हमध्ये हलवलेलं असतं आणि खेळ फाइल लिहीत असताना वनड्राइव्ह तीच फाइल वर पाठवायला धरून बसतं. सेव्ह अर्धवट होतो, आणि तो लोड करताना झालेला क्रॅश वरच्या क्रॅशसारखाच दिसतो. म्हणून एक साधी चाचणी : खेळ पूर्ण बंद करून, संगणक नुकताच चालू केलेला असताना तोच सेव्ह लोड करा. तरीही तिथेच पडला तर दोष सेव्हमध्ये आहे, मेमरीत नाही. वनड्राइव्हच्या सेटिंगमधून डॉक्युमेंट्सचा बॅकअप थांबवा आणि आधीच्या सेव्हवर जा. आणखी एक गोष्ट आपल्यासाठी खास महत्त्वाची : विंडोजमधलं तुमचं खातं देवनागरी नावाने बनवलेलं असेल, तर युजर फोल्डराचं नावही देवनागरीत असतं. त्या काळातल्या बऱ्याच प्रोग्रामना रोमन सोडून दुसऱ्या अक्षरांचे पत्ते वाचता येत नाहीत. सेव्ह दिसेनासे झाले, प्रोफाइल दर वेळी नव्याने बनवायला सांगतो, असं काही असेल तर रोमन अक्षरांतल्या नावाचं दुसरं खातं काढून त्यात चालवून पाहा. पहिल्या खात्याचं नाव सेटिंगमधून बदलून भागत नाही, फोल्डर जुनाच राहतो.

लॅपटॉपवाल्यांसाठी दोनच वाक्यं. जुना खेळ प्रोसेसरमधल्या लहान ग्राफिक्सवर चालू होण्याची शक्यता असते. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ग्राफिक्सच्या पानावर एक्सई जोडून तिला 'हाय परफॉर्मन्स' द्या. स्क्रीनवर आकडे दाखवणारे, रेकॉर्डिंग करणारे जे ओव्हरले असतात ते पहिल्या चाचणीला सगळे बंद ठेवा.

आता तिसरी अडचण, जी क्रॅश नाही, पण जिच्यामुळे लोक कॅम्पेन सोडून देतात. असेंशन.

अकरा मिशनपैकी हे दहावं. बर्फात गोठलेल्या बेटावरून तुम्ही व्हीटॉल, म्हणजे जागेवरून सरळ वर उठणारं विमान घेऊन निघता, हेलेना हे पात्र सोबत असतं, आणि बेटभर पसरलेल्या वादळातून, दऱ्यांमधून वाट काढायची असते. पूर्ण खेळात स्वतः विमान चालवायची ही एकच वेळ. अनेकांना हे मिशन आवडत नाही. मला ते हवं असतं, कारण इतका वेळ पायी, रांगत, झुडपांत लपत पाहिलेलं बेट इथे पहिल्यांदा वरून दिसतं, आणि त्याचं काय झालं आहे ते कळतं. २०११ मध्ये पीएस३ आणि एक्सबॉक्स ३६० वर हा खेळ गेला तेव्हा हे मिशन वगळलं गेलं. २०२० ची रीमास्टर्ड आवृत्ती त्याच धाग्यावर बेतलेली असल्याने तिच्यातही सुरुवातीला ते नव्हतं. नंतरच्या अपडेटमध्ये आलं. मी अजून मूळ आवृत्तीच का खेळतो याचं एक उत्तर हे आहे. दुसरं म्हणजे नायकाच्या खास पोशाखाच्या, सूटच्या, चार मोडमधून, आर्मर, स्ट्रेंग्थ, स्पीड, क्लोक, आपण स्वतः निवडायचं आणि निवडीची किंमत मोजायची, ही मूळ घडण. झोपडीच्या भिंतीला स्ट्रेंग्थमध्ये ठोसा मारायचा, पत्रा कोसळतो, धुळीत क्लोक लावायचा आणि मागच्या बाजूने निघून जायचं. हा क्रम बोटांत बसलेला असतो.

तर असेंशनमध्ये फ्रेमरेट का पडतो. २००७ च्या आधीची काही वर्षं प्रोसेसरचा वेग दरवर्षी वाढत होता. २००४ मध्ये पेंटियम ४ हा ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोचला होता. हे असंच चालू राहील असा हिशोब तेव्हा सगळ्यांच्याच डोक्यात होता, आणि क्रायसिससारख्या पुढची पाच वर्षं डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या खेळात तो दिसतो. त्याचं बहुतेक काम एकाच थ्रेडवर, म्हणजे कामाच्या एकाच रांगेत, चालतं. प्रत्यक्षात वेग तिथेच अडला आणि गाभे (कोअर) वाढत गेले. तुमच्याकडे आठ गाभे असले तरी हा खेळ त्यातल्या एकाला पिळतो आणि बाकीचे बघत बसतात. असेंशनमध्ये नजर दूरवर जाते, सगळं बेट एकदम काढायचं असतं, प्रत्येक वस्तूसाठी प्रोसेसरला कार्डाला एकेक आज्ञा द्यावी लागते, वर वादळ आणि शत्रू. ५ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरवरही इथे ६० फ्रेम टिकत नाहीत. तुमचा संगणक सदोष नाही.

तरी खात्री करून घ्या. असेंशनमध्ये एका जागी थांबून फ्रेमरेट पाहा. मग रिझोल्यूशन थेट ८०० बाय ६०० वर आणा आणि त्याच जागी पुन्हा पाहा. आकडा जवळपास तोच राहिला तर अडचण प्रोसेसरची आहे. कार्डाचं काम एवढं कमी करूनही फरक पडला नाही ना. टास्क मॅनेजरमधल्या टक्केवारीने फसू नका. १६ थ्रेडच्या प्रोसेसरवर एक थ्रेड काठोकाठ भरला तरी एकूण आकडा ६ टक्क्यांच्या आसपास वाढतो, आणि माणसाला वाटतं प्रोसेसर तर रिकामाच आहे. आलेख 'लॉजिकल प्रोसेसर्स' वर करून पाहिला की कळतं.

मग करायचं काय? रिझोल्यूशन परत पूर्ण करा, ते कमी करून काही मिळत नाही. टेक्स्चर आणि पोस्ट प्रोसेसिंगही वरच ठेवा. खाली आणायचे ते ऑब्जेक्ट्स आणि शॅडोज, आणि त्यानंतर फिजिक्स. ऑब्जेक्ट्स 'व्हेरी हाय' वरून 'हाय' किंवा 'मीडियम' वर आणले की प्रोसेसरच्या आज्ञा कमी होतात आणि फरक लगेच जाणवतो. लाँचरच्या शॉर्टकटपुढे '-डीएक्स९' हा पर्याय लिहून डायरेक्टएक्स ९ वरही चालवून पाहा. मूळ खेळात तिथे मेनूत 'व्हेरी हाय' मिळत नाही, पण या एका मिशनपुरता तो सौदा मला मान्य आहे. (अर्थात तो पर्याय रोमन अक्षरांत लिहायचा.) शेवटी फ्रेमरेट ४० वर किंवा ३० वर बांधून टाका, ड्रायव्हरच्या कंट्रोल पॅनलमधून किंवा रिव्हाट्यूनर या प्रोग्राममधून. ५५ वरून २८ आणि परत ५० असं हेलकावणाऱ्या फ्रेमरेटवर विमान वळवणं अशक्य होतं. एकसारख्या ४० वर ते सहज जमतं. मिशन संपलं की सेटिंग्ज परत वर.

शेवटच्या मिशनमध्ये, रेकनिंगमध्ये, विमानवाहू जहाजाच्या डेकवरच्या लढाईत एकच काळजी घ्या : लढाईच्या अधेमधे केलेल्या सेव्हवर विसंबू नका. एकदा माझ्याकडे तसा सेव्ह लोड केल्यावर पुढची घटना सुरूच झाली नाही. शत्रूची ढाल खाली यायची वाट पाहत मी डेकवर फेऱ्या मारत राहिलो. टॅक तोफ हातात, पण लॉक होईना. डेकवर येण्याआधीचा सेव्ह होता म्हणून वाचलो. दर मिशनच्या सुरुवातीला एक सेव्ह वेगळ्या फोल्डरात कॉपी करून ठेवा. अकरा मिशन, अकरा फाइली, फार जागा लागत नाही. तेही नसेल तर शॉर्टकटला '-डेव्हमोड' लावून कन्सोल उघडता येतो आणि 'मॅप' या आज्ञेपुढे मिशनचं आतलं नाव देऊन थेट तिथे जाता येतं. ही नावं मेनूतल्या नावांपेक्षा वेगळी आहेत : पहिलं 'आयलंड', दुसरं 'व्हिलेज', मग 'रेस्क्यू', 'हार्बर', 'टँक', 'माइन', 'कोअर', 'आइस', 'स्फिअर', 'असेंशन' आणि 'फ्लीट'. मागच्या मिशनमधली शस्त्रं मात्र सोबत येत नाहीत, म्हणून हा अगदी शेवटचा मार्ग.

सगळं बसवून झालं की कॅम्पेन सुरू करण्याआधी अर्धा तास चाचणीला द्या. ऑनस्लॉटच्या सुरुवातीचा सेव्ह एका बैठकीत दहा वेळा लोड करा. असेंशनमध्ये उड्डाण करून पाच मिनिटं फिरा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये नवी नोंद नाही, याची खात्री करा. दहाव्या लोडनंतरही खेळ उभा असेल तर तो शेवटपर्यंत उभा राहतो, असा माझा आतापर्यंतचा अनुभव आहे.

आणि पूर्वी खेळून झालेला असेल तर या वेळी डेल्टा या सगळ्यात वरच्या पातळीवर सुरू करा. तिथे क्रॉसहेअर (नेम धरायची खूण) नसतो आणि उत्तर कोरियाचे सैनिक इंग्रजी सोडून कोरियन बोलतात. 'तो झाडामागे आहे' असं ते एकमेकांना सांगत असतील तरी तुम्हाला कळत नाही. मग आवाजाची पट्टी ऐकावी लागते, टॉर्च कुठे वळतो ते पाहावं लागतं, आणि क्लोकची ऊर्जा संपत आलेली असताना नदीकाठच्या गवतात श्वास रोखून पडून राहावं लागतं. मी काल रात्रीच दुसऱ्या मिशनच्या गावापर्यंत पोचलो आहे.